विश्लेषण : भिंत सोसायटीची, पण चित्र कोणाचे? भित्तिचित्रांबाबत कायदा काय सांगतो?

नागपुरात मार्च २०२३ मध्ये जी-२० अंतर्गत सी-२० बैठक झाली, तेव्हा वर्धा रोडसह अनेक ठिकाणच्या भिंती रंगल्या. स्वच्छ सर्वेक्षणाच्या निमित्तानेही शहरोशहरी भिंतींवर चित्रे येतात. आता गृहनिर्माण सोसायट्या, शाळा, दवाखानेही चित्रकारांना बोलावू लागले आहेत. पण दोन वर्षांनी त्याच भिंतीवर चुना फिरतो किंवा कोचिंग क्लासची जाहिरात येते, तेव्हा चित्रकाराला काही म्हणता येते का?

भित्तिचित्रांची लाट आली कुठून?

भिंत रंगवणे विदर्भाला नवीन नाही. सिमेंट, बियाणे, विडी यांच्या जाहिराती गावोगावच्या पेंटरनीच हाताने रंगवल्या. शहरी कला म्हणून भित्तिचित्रांची चर्चा मात्र गेल्या दीड दशकातली. मुंबईत २००९ मध्ये तुळशी पाइप रोडलगतच्या भिंतीवर महापालिकेच्या परवानगीने शेकडो लोकांनी चित्रे काढली. पुण्यात हर्षवर्धन कदम यांनी २०१२ मध्ये कसबा पेठेत ‘पुणे स्ट्रीट आर्ट प्रोजेक्ट’ सुरू केला. त्याच सुमारास रणजित दहिया यांनी वांद्र्याच्या गल्ल्यांत हिंदी चित्रपटांतील चेहरे रंगवायला घेतले. २०१४ मध्ये वांद्रे रेक्लमेशनजवळच्या एमटीएनएल इमारतीवर त्यांनी साकारलेले दादासाहेब फाळके दुरूनही ओळखू येत.

विदर्भातील ठळक उदाहरण चंद्रपूर आणि बल्लारशाह रेल्वे स्थानकांचे. ताडोबाचे वाघ आणि जंगल भिंतींवर उतरवणाऱ्या या स्थानकांना रेल्वे मंत्रालयाच्या सुशोभीकरण स्पर्धेत २०१८ मध्ये पहिला क्रमांक मिळाला.

परवानगी कोणाची लागते?

भिंतीच्या मालकाची परवानगी सर्वात आधी. भिंत सार्वजनिक असेल, तर महापालिका, रेल्वे किंवा संबंधित विभागाची. महाराष्ट्रात मालमत्तेच्या विरूपणास प्रतिबंध करणारा १९९५ चा कायदा आहे. लोकांच्या नजरेस पडणारी मालमत्ता विद्रूप केल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद, २ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हेतू कितीही चांगला असला, तरी कागद हातात नसेल तर चित्रकार अडचणीत येतो. म्हणून खासगी भिंत रस्त्याकडे तोंड करून असेल, तर महापालिकेच्या झोन कार्यालयात एक अर्ज देऊन ठेवणे शहाणपणाचे.

चित्राची मालकी कोणाकडे?

समजा, नंदनवनमधील एका सोसायटीने जगनाडे चौकाच्या रस्त्याला लागून असलेल्या कंपाउंड वॉलवर पैसे देऊन चित्र काढून घेतले. इथे तीन वेगवेगळे हक्क आहेत.

पहिला, भिंतीचा. तो सोसायटीचाच.

दुसरा, कॉपीराइटचा, म्हणजे चित्राच्या प्रती काढण्याचा आणि त्यावर पैसे कमावण्याचा. सर्वसाधारणपणे तो चित्रकाराचा असतो. पण कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन चित्र काढून घेतले आणि वेगळा करार केला नाही, तर पहिला मालक काम देणारा ठरतो. म्हणजे उद्या सोसायटीने तेच चित्र दिनदर्शिकेवर छापले, तर चित्रकाराला मानधन मागता येणार नाही. अनेक तरुण चित्रकार चौरस फुटाचा दर तोंडी ठरवून काम घेतात आणि हा हक्क नकळत गमावून बसतात.

तिसरा, नैतिक हक्क. कलम ५७ नुसार तो कॉपीराइट गेल्यावरही चित्रकाराकडेच राहतो. चित्र आपले आहे हे सांगण्याचा आणि प्रतिष्ठेला धक्का बसेल अशी मोडतोड झाल्यास दाद मागण्याचा हा हक्क आहे.

मग चित्र पुसता येते की नाही?

याबाबत दिल्ली उच्च न्यायालयाचे दोन निकाल पाहावे लागतात. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे विज्ञान भवनातील कांस्य भित्तिशिल्प सरकारने १९७९ मध्ये काढून गोदामात टाकले. २००५ मध्ये न्यायालयाने शिल्प परत करण्याचा आणि ५ लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. कलाकृती नष्ट करणे हे मोडतोडीचेच टोकाचे रूप, असे न्यायालयाने मानले. दुसरीकडे, प्रगती मैदानातील ‘हॉल ऑफ नेशन्स’ २०१७ मध्ये पाडल्यावर वास्तुविशारद राज रेवाल न्यायालयात गेले, तेव्हा २०१९ मध्ये जागामालकाचा मालमत्तेचा हक्क वरचढ ठरला.

सोसायटीच्या भिंतीवरील चित्र या दोन टोकांच्या मध्ये कुठे तरी येते. भिंत पडायला आली म्हणून पाडणे आणि चित्रातील चेहऱ्यावर जाहिरात रंगवून बाकीचे तसेच ठेवणे, यांत दुसऱ्या प्रकारात चित्रकाराची बाजू बळकट राहते.

अमेरिकेत यासाठी स्वतंत्र कायदा आहे. न्यूयॉर्कमधील ‘फाइव्ह पॉइंट्झ’ या जुन्या कारखान्याच्या भिंतींवरील चित्रांवर मालकाने २०१३ मध्ये रातोरात पांढरा रंग मारला. २०१८ मध्ये न्यायालयाने २१ कलाकारांना ६७.५ लाख डॉलर भरपाई मंजूर केली. २०२० मध्ये अपिलातही हा निकाल कायम राहिला.

फोटो काढला तर?

भित्तिचित्रासमोर स्वतःसाठी सेल्फी काढायला हरकत नाही. धंद्यासाठी वापर मात्र वेगळा. मुंबईतील माहीममधील ‘ह्युमॅनिटी’ हे भित्तिचित्र एका विमा कंपनीच्या जाहिरातीत झळकले. ‘स्टार्ट इंडिया फाउंडेशन’ दिल्ली उच्च न्यायालयात गेले. हा प्रथमदर्शनी कॉपीराइटचा भंग असल्याचे मत नोंदवत न्यायालयाने २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरील छायाचित्रे हटवायला सांगितले.

नागपूरच्या उन्हात चित्र टिकते किती?

उन्हाळ्यात ४५ अंशांवर जाणारा पारा आणि त्यामागोमाग पावसाळा, ही रंगाची कठीण परीक्षा. तीव्र उन्हात काही रंग लवकर फिके पडतात, तर भिंतीत मुरलेली ओल रंगाचे पोपडे काढते. म्हणून जुना रंग खरवडून, गळती बुजवून, प्रायमर मारून मगच बाहेरच्या भिंतीसाठीचा अ‍ॅक्रिलिक रंग वापरतात. हे काम कोणी करायचे आणि पोपडे निघाले तर पुन्हा रंगवण्याचा खर्च कोणाचा, यावरूनच बहुतेकदा वाजते.

करारात काय असावे?

त्यासाठी एक पान पुरे. मानधन किती आणि हप्ते कसे, भिंतीची डागडुजी कोणाकडे, कॉपीराइट कोणाचा, चित्राखाली चित्रकाराचे नाव राहणार का, चित्र किमान किती वर्षे ठेवणार, आणि पुसायचे झाल्यास किती दिवस आधी कळवणार. शेवटची अट सोसायटीला एक पैसाही खर्चात टाकत नाही. चित्रकाराला मात्र निदान आपल्या कामाचे शेवटचे छायाचित्र काढून ठेवता येते.