विचारायचं कुणाला, आणि कधी?

विषय जरा जड आहे, म्हणून एका खोलीपासून सुरुवात करते.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी आम्ही किशोरवयीन मुलांसाठी समुपदेशन कक्ष सुरू केला. दवाखान्याच्याच आवारात, केसपेपरच्या खिडकीला लागून. बाहेर हा एवढा मोठा फलक, 'मानसिक आरोग्य विभाग'. वेळ सकाळी दहा ते एक. तयारीत काही कमी ठेवलं नव्हतं. डॉक्टरांना विचारलं, मुख्याध्यापकांना विचारलं, अधिकाऱ्यांना विचारलं. तीन महिन्यांत मुलं आली चार, त्यातली दोन आमच्याच शिपायाची. शेवटी अकरावीतली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, दहा ते एक आमचं कॉलेज असतं. आणि त्या रांगेत आमच्या आळीतलं कुणी ना कुणी असतंच. मी तुमच्या दारातून आत गेले, की संध्याकाळपर्यंत घरी कळणार."

इतकं साधं होतं हो. पण जी येणार होती, त्यांना सोडून आम्ही सगळ्यांना विचारलं होतं.

हे वय साधं नाही. मानसिक आजारांपैकी निम्मे वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत आणि तीन चतुर्थांश चोविसाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात, असं अमेरिकेतल्या एका मोठ्या सर्वेक्षणातून २००५ साली पुढे आलं. आपल्याकडे २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात हे प्रमाण ७.३ टक्के निघालं. साठ मुलांचा वर्ग धरा, त्यात सरासरी चार-पाच. आणि नेमकं याच वयात माणूस स्वतः डॉक्टर निवडत नाही. त्याला आणलं जातं. आणणारा वेगळा, ज्याच्यासाठी आणलं तो वेगळा, आणि दोघांना हवं ते वेगळं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता तुम्ही म्हणाल, मुलांना विचारतोच की आम्ही! विचारतो, पण कसं? रॉजर हार्ट या अभ्यासकाने १९९२ मध्ये युनिसेफसाठी लिहिलेल्या निबंधात मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या तीन पायऱ्यांना तो सहभाग मानतच नाही. मुलांचा वापर करून घेणं, त्यांना सजावटीसारखं उभं करणं, आणि नावापुरतं बोलावणं. आपले कार्यक्रम आठवा. गुच्छ द्यायला दोन मुली, आणि 'विद्यार्थ्यांचं मनोगत' तीन मिनिटं, तेही बाईंनी लिहून दिलेलं. (हशा) हसू नका, मीही लिहून दिलेलं आहे.

वरच्या पायऱ्यांवर काय होतं, ते ऑस्ट्रेलियात बघायला मिळतं. तिथे २००६ साली 'हेडस्पेस' सुरू झालं, १२ ते २५ वयोगटासाठी. अठरावं लागलं की बालविभागातून काढून मोठ्यांच्या विभागात ढकलायचं, ही जुनी पद्धत तिथे मोडली. सुरुवातीपासून तरुणांचे सल्लागार गट ठेवले, देशपातळीवर आणि केंद्राकेंद्रातही. आज अशी दीडशेहून जास्त केंद्रं आहेत. पण तो श्रीमंत देश, ते जमवू शकतात, असं कुणी म्हणेल. म्हणून जवळचं उदाहरण घेते, आणि त्यावर जरा थांबते.

गोव्यातल्या 'संगाथ' या संस्थेने गोवा आणि दिल्लीतल्या शाळांसाठी 'प्राइड' नावाचा प्रकल्प केला. आधी विद्यार्थी, पालक, शिक्षक यांच्याशी बोलून घेतलं. मुलांना आजारांची नावं नको होती. अभ्यासाचा ताण, घरातली भांडणं, मैत्रीतली मोडतोड यांवर आज काय करू, ते सांगा, असं त्यांचं म्हणणं. म्हणून समस्या सोडवण्याची एक छोटी पद्धत तयार झाली, आणि मुलांसाठी चित्रकथेच्या पुस्तिका. समुपदेशन करणारे तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे पदवीधर होते.

दिल्लीतल्या सहा सरकारी शाळांत २५० विद्यार्थ्यांवर याची चाचणी झाली. निम्म्यांना समुपदेशन आणि पुस्तिका, निम्म्यांना नुसत्या पुस्तिका. बरं वाटलं की नाही, हे दोन मापांनी मोजलं. एक नेहमीची प्रश्नावली, तज्ज्ञांनी बनवलेली. दुसऱ्या मापात मुलानेच आपल्या मुख्य अडचणी आपल्या शब्दांत सांगायच्या आणि त्यांना शून्य ते दहा गुण द्यायचे. सहा आठवड्यांनी काय दिसलं? प्रश्नावलीत दोन्ही गटांत ठळक फरक नाही. मुलांनी सांगितलेल्या अडचणींत मात्र फरक पडलेला.

यावर वाद होऊ शकतो. मुलाने स्वतः निवडलेली गोष्ट लवकर हलते, हेही खरं. पण मला यात एक महत्त्वाची गोष्ट दिसते. सेवेचा रंग, वेळ, फलक एवढंच विचारून भागत नाही. 'बरं होणं म्हणजे काय', हेही मुलांना विचारावं लागतं. तिथे ते विचारलं नसतं, तर उपयोग झाला नाही म्हणून फाइल बंद झाली असती.

आता पालक. तरुणांच्या सहभागाबद्दल उत्साहाने बोलणारे बरेच जण पालकांना अडथळा समजतात. मला हे पटत नाही. चेन्नईची 'स्कार्फ' संस्था आणि माँट्रियलमधले संशोधक यांनी सायकोसिसच्या पहिल्या टप्प्यातल्या तरुणांवरच्या उपचारांची तुलना केली. चेन्नईतली कुटुंबं उपचार करणाऱ्यांच्या जास्त संपर्कात राहिली, आणि उपचार मध्येच सोडण्याचं प्रमाणही चेन्नईत कमी होतं. गोळी घेतली का, रात्री झोपला का, हे बघणारी आई ही आपल्याकडची मोठी ताकद आहे. कायद्यालाही ते कळलंय. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात राज्य प्राधिकरणावर मानसिक आजाराचा अनुभव असलेल्यांच्या आणि काळजीवाहकांच्या प्रतिनिधींना जागा आहेत. त्यातलं कुणी तरुण असावं, अशी अट मात्र नाही.

तर आमच्या खोलीचं पुढे काय झालं? आम्ही मुलांचा एक गट केला आणि पालकांचा वेगळा. एकत्र बसवलं की मुलं गप्प होतात, हे पहिल्याच बैठकीत कळलं. मुलांना येण्या-जाण्याचं भाडं दिलं, परीक्षेच्या महिन्यात बैठक ठेवली नाही. मुलांनी फलक काढायला लावला, वेळ चार ते सहा केली, दार मागच्या बाजूला घेतलं. पालकांनी मागितलं एकच: आम्हालाही कुणाशी तरी बोलू द्या. म्हणून महिन्यातून एक संध्याकाळ त्यांची.

भांडण झालं ते गुप्ततेवरून. मुलं म्हणाली, आत बोललेलं घरी जाता कामा नये. पालक म्हणाले, आमचं पोर आणि आम्हालाच कळू नये? तीन बैठका यातच गेल्या. शेवटी दोन्ही गटांनी मिळून एक कागद केला. जिवाला धोका असेल, किंवा कुणी अत्याचार करत असेल, तर ते गुप्त राहणार नाही. बाकी सगळं राहील. घरी काही सांगायची गरज पडली, तर आधी मुलाला सांगायचं आणि कोणत्या शब्दांत सांगायचं ते त्याच्याबरोबर ठरवायचं. हा कागद खोलीत लावलाय, खाली 'टेली-मानस'चा १४४१६ हा क्रमांक मुलांनी मोठ्या अक्षरांत लिहिलाय.

एका आईने त्यावर सही केली आणि मग म्हणाली, "ताई, पटलं मला. पण धोका आहे की नाही, हे तुम्ही ठरवणार, आणि रात्री त्याच्या खोलीबाहेर बसणार मी. मग ठरवताना मला विचाराल ना?" त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर तो प्रश्न पहिला आहे, आणि या वेळी तो मुलांच्याच गटाने घातला आहे.