विश्लेषण : चाकणच्या जमिनीखाली कोळसा का नाही? चंद्रपूरखाली तो आला कुठून?

पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकणच्या कारखान्यांना दिवसरात्र वीज लागते. राज्यातील विजेचा मोठा हिस्सा आजही कोळसा जाळूनच तयार होतो. हा कोळसा विदर्भात सापडतो, पुणे जिल्ह्यात नाही. एकाच राज्याच्या भूगर्भात एवढा फरक का?

चाकणखाली काय आहे?

चाकण परिसरात बोअर घेतली की आधी मुरूम आणि मग काळा पाषाण लागतो. मोशीच्या दगडखाणींतही तोच फोडला जातो. हा दगड म्हणजे बेसाल्ट. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर आला आणि त्याचे थर एकावर एक साचले. रंग काळा असला तरी हा थिजलेला लाव्हा आहे. त्यात जळण्यासारखे काही नाही.

कोळसा तयार कसा होतो?

कोळशाची सुरुवात दलदलीत होते. कोरड्या जमिनीवर पडलेले झाड कुजून संपते. साचलेल्या पाण्यात मात्र प्राणवायू कमी असल्याने कुजणे अर्धवट राहते. पाने, फांद्या, खोडे साचून त्यांचा ओला, तपकिरी थर बनतो. त्याला पीट म्हणतात. त्यावर गाळ आणि वाळू बसली की वजनाने पाणी पिळून निघते. थर जसा खोल जातो, तशी उष्णता वाढते. पीटचे आधी लिग्नाइट आणि मग दगडी कोळशात रूपांतर होते. एक मीटर दगडी कोळशासाठी ढोबळमानाने दहा मीटर वनस्पतींचा साठा लागतो. तो साचायलाच हजारो वर्षे जातात.

कोळसा थरांमध्येच का सापडतो?

कारण जमीन हळूहळू खचत असते. खचण्याचा वेग कमी असताना दलदल टिकते आणि पीट साचते. वेग वाढला किंवा नदीने पात्र बदलले की दलदल गाळाखाली गाडली जाते. काही काळाने त्यावर नवी दलदल तयार होते. म्हणूनच खाणीच्या उभ्या कापात वालुकाश्म, शेल आणि कोळसा असे पट्टे आलटूनपालटून दिसतात.

विदर्भात हे केव्हा घडले?

सुमारे 25 ते 30 कोटी वर्षांपूर्वी. तेव्हा भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका हे गोंडवन या महाखंडात जोडलेले होते. आजच्या वर्धा-गोदावरी खोऱ्यांच्या पट्ट्यात जमीन खचत होती आणि तिथे ग्लोसोप्टेरिस जातीच्या झाडांची जंगले होती. वणी, घुग्घुस, बल्लारपूर, उमरेड, कामठी येथील कोळसा त्या काळातला. काही ठिकाणी थर 15 मीटरहून जाड आहे. वनस्पतींसोबत चिखलही मिसळल्याने या कोळशात राखेचे प्रमाण जास्त असते.

मग पुण्यात बेसाल्टच्या खाली कोळसा असेल का?

प्रश्न रास्त आहे, कारण विदर्भात काही ठिकाणी बेसाल्टखालीही कोळशाचे थर सापडले आहेत. पण त्यासाठी खाली जुने, गाळाने भरलेले खोरे हवे. पिंपरीच्या दक्षिणेला सुमारे 135 किलोमीटरवर, कोयना परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी खोल छिद्रे घेण्यात आली. रासाटी येथे सुमारे 930 मीटर बेसाल्ट संपताच थेट ग्रॅनाइटसारखा प्राचीन खडक लागला. मध्ये कोळसा असणारे थर नव्हते. किल्लारीच्या 1993 च्या भूकंपानंतर तिथे घेतलेल्या छिद्रातही 338 मीटर बेसाल्टखाली गाळाचा जेमतेम 8 मीटरचा थर आणि त्याखाली तसाच प्राचीन खडक आढळला. पश्चिम महाराष्ट्रात कोळशाची आशा का धरली जात नाही, याचे उत्तर या नोंदींत आहे.

उद्योगांसाठी याचा अर्थ काय?

कोळसा हलवण्यापेक्षा वीज वाहून नेणे अनेकदा सोयीचे ठरते. चंद्रपूर महाऔष्णिक केंद्राची क्षमता 2,920 मेगावॉट आहे. तिथली वीज पश्चिमेकडे आणण्यासाठी चंद्रपूर ते पडघे अशी 752 किलोमीटरची उच्चदाब वाहिनी आहे. फौंड्रीला लागणारा कोक मात्र विदर्भाच्या कोळशापासून बनत नाही. त्यासाठी वेगळ्या प्रतीचा कोळसा लागतो आणि देश तो मोठ्या प्रमाणात आयात करतो.

चंद्रपूरच्या खाणीत एक थर संपायला काही दशके पुरतात. तसा दुसरा थर साचण्यासाठी दलदल, खचणारी जमीन आणि कोट्यवधी वर्षे लागतील.