उंची : थोडी वारशाची, थोडी सवयींची

शाळेत प्रार्थनेच्या वेळी मुले उंचीप्रमाणे रांगेत उभी राहतात. सातवी-आठवीत ही रांग दरवर्षी बदलते. काल पुढे असणारा मुलगा मागे सरकतो, तर त्याचा मित्र जागचा हलत नाही. मग घरात काळजीला सुरुवात होते आणि ‘उंची वाढविण्याची हमी’ देणाऱ्या महागड्या पावडरींच्या जाहिराती पालकांचे लक्ष वेधून घेतात. खिसा रिकामा करण्यापूर्वी उंची वाढते कशी, हे समजून घेणे इष्ट ठरेल.

वाढीचे गणित

हातापायांच्या लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा एक थर असतो. तेथे नव्या पेशी तयार होतात, त्यांचे हाडात रूपांतर होते आणि हाड लांबत जाते. पौगंडावस्थेत संप्रेरकांच्या प्रभावाने या वाढीला वेग येतो. मुलींमध्ये हा वेग साधारणपणे ११-१२व्या वर्षी, तर मुलांमध्ये १३-१४व्या वर्षी सर्वाधिक असतो. त्या काळात वर्षाला ८ ते १० सेंटिमीटर उंची वाढू शकते. पुढे हाच कूर्चेचा थर हाडात रूपांतरित होऊन वाढ थांबते. मासिक पाळी सुरू झाल्यानंतर मुलींची उंची सर्वसाधारणपणे ५ ते ७ सेंटिमीटरच वाढते. वाढीचा थर एकदा बुजला की कोणतीही पावडर वा गोळी उंची वाढवू शकत नाही.

आई-वडिलांच्या उंचीवरून मुलांच्या उंचीचा अंदाज बांधता येतो. दोघांच्या उंचीची सरासरी काढून मुलासाठी त्यात ६.५ सेंटिमीटर मिळवावे, मुलीसाठी तेवढेच वजा करावे. वडील १७० व आई १५२ सेंटिमीटर असल्यास मुलाची अपेक्षित उंची सुमारे १६७.५, तर मुलीची १५४.५ सेंटिमीटर येते. अर्थात हा केवळ अंदाज आहे. प्रत्यक्ष उंची त्याहून काही सेंटिमीटर कमी-अधिक असू शकते.

सवयींचा वाटा

वारसा मर्यादा ठरवितो. त्या मर्यादेपर्यंत पोहोचणे बऱ्याच अंशी आहार व आरोग्यावर अवलंबून असते. १८९६ ते १९९६ या शतकात जन्मलेल्यांच्या उंचीचा जगभर अभ्यास झाला. त्यात दक्षिण कोरियातील स्त्रियांची सरासरी उंची सुमारे २० सेंटिमीटरने वाढल्याचे दिसले. शंभर वर्षांत वारसा बदलत नाही; बदलते ते राहणीमान.

आहारात प्रथिने, कॅल्शियम व लोह हवे. वरण-भात, उसळी, दूध-दही, नाचणीची भाकरी, शेंगदाणे, पालेभाज्या आणि चालत असल्यास अंडी व मासे, एवढ्यातून गरज भागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींत रक्तक्षय आढळला. तेव्हा मुलींच्या ताटाकडे विशेष लक्ष द्यावे. जेवणाबरोबर चहा घेतल्यास लोहाचे शोषण घटते, हेही ध्यानात ठेवावे.

वाढीचे संप्रेरक रात्रीच्या गाढ झोपेत मोठ्या प्रमाणात स्रवते. १३ ते १८ या वयात ८ ते १० तास झोप आवश्यक मानली जाते. क्लास, गृहपाठ आणि मोबाइल यांत नेमकी तीच कमी होते. मैदानी खेळांनी हाडे बळकट होतात आणि कोवळ्या उन्हाचाही लाभ मिळतो. मात्र दांड्याला लोंबकळल्याने कायमची उंची वाढत नाही. मणक्यांमधील चकत्या दिवसभराच्या भाराने दबतात व रात्री पूर्ववत होतात. एवढाच तो फरक.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

दर सहा महिन्यांनी भिंतीशी उभे करून मुलांची उंची मोजावी व तारखेसह लिहून ठेवावी. भारतीय मुलांसाठी २०१५ साली सुधारलेले वाढीचे तक्ते बालरोगतज्ज्ञांकडे असतात. पौगंडावस्थेपूर्वी वर्षाला ४ सेंटिमीटरहून कमी वाढ होणे, किंवा मुलीत १३ व मुलात १४ वर्षांपर्यंत वयात येण्याची चिन्हे न दिसणे, या बाबी तपासून घ्याव्यात. मुलगी आठव्या वर्षाआधी वयात येऊ लागली तरीही सल्ला घ्यावा. अशा मुली आरंभी उंच दिसतात, पण त्यांची वाढ लवकर थांबते. थायरॉइडची कमतरता, गव्हाची असहिष्णुता, संप्रेरकांचा अभाव अशा कारणांवर उपचार आहेत. मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचे वय कळते आणि वाढीला किती वाव उरला आहे, हे समजते.

मुदत ठेवीप्रमाणेच येथेही मुदतीला महत्त्व आहे. वेळेवर केलेली तपासणी फळ देते. मुदत उलटल्यावर हळहळ तेवढी उरते. मात्र सर्व काही नीट असूनही मुलाची उंची बेताचीच राहिली, तर शेजारच्या मुलाशी त्याची तुलना करू नये. आपण खुजे आहोत ही भावना मनात एकदा रुजली, की ती मोजपट्टीने मोजता येत नाही आणि पुसणेही सोपे नसते.