ब्रेक-अप झाला, फ्लॅटचं काय?

रविवारी सकाळी मैत्रिणीचा फोन आला. "लॅपटॉप घेऊन ये गं, म्हाडाचा फॉर्म भरायचाय." पोह्यांचं आमिष होतं, त्यामुळे मी अर्ध्या तासात तिच्या पीजीवर हजर! हो, पीजीवर. वयाच्या एकतिसाव्या वर्षी, टीम लीड असताना. आठ महिन्यांपूर्वीपर्यंत ती आणि तिचा बॉयफ्रेंड वाकडच्या टू बीएचकेमध्ये राहत होते. लग्न 'पुढच्या वर्षी बघू' असं ठरलेलं. ते पुढचं वर्ष काही आलं नाही.

फॉर्म मस्त चालला होता. पॅन, आधार, डोमिसाइल, सगळं तयार. पिंपरी-चिंचवडमधलं एक छोटं घरही तिनं हेरून ठेवलं होतं. मग घोषणेचा मजकूर आला: या शहराच्या हद्दीत माझ्या नावावर घर नाही. ती थांबली. वाकडच्या अ‍ॅग्रीमेंटवर दुसरं नाव तिचंच होतं ना!

"पण मी तिथे राहतच नाही!" ती म्हणाली. खरंय, पण म्हाडा राहण्याबद्दल विचारत नाही, मालकीबद्दल विचारते. आणि घर फक्त अ‍ॅग्रीमेंटवरच नाही, कर्जावरही तिचं नाव आहे. आपल्याकडे ब्रेक-अप झाला की फेसबुकवरचं स्टेटस एका क्लिकमध्ये बदलतं. बँकेचं तसं नसतं. सहकर्जदार म्हणजे पूर्ण कर्जाला जबाबदार. त्यानं हप्ता चुकवला तर फोन हिलाच येणार आणि सिबिल स्कोअरही हिचाच घसरणार.

मग तिचा हिस्सा किती? १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात उत्तर आहे. करारात हिस्से लिहिलेले नसतील तर ज्यानं जितके पैसे घातले, तितका त्याचा वाटा. पुरावाच नसेल तर दोघांचा सारखा. म्हणून हप्ता 'तू भर, मी किराणा बघते' या पद्धतीनं चालवला असेल तर सांभाळून! किराण्याची पावती कोण जपून ठेवतं?

ऑफिसमधल्या एका मित्राची गोष्ट बरोब्बर उलटी. फ्लॅट गर्लफ्रेंडच्या नावावर, चार वर्षं हप्ते मात्र याच्या खात्यातून. 'पैसे माझे, म्हणजे घर माझं' असं सांगायला कोर्टात जावं तर १९८८ चा बेनामी कायदा आडवा येतो. २०१६ मध्ये तो आणखी कडक झाला. स्वतःच्या ज्ञात उत्पन्नातून नवरा, बायको किंवा मुलांच्या नावे घर घेतलं तर सूट आहे. लिव्ह-इन पार्टनर त्या यादीत नाही. गंमत बघा, हा मित्र म्हाडाला मात्र चालतो. कारण कागदावर त्याचं घरच नाही!

'अगं, पण लिव्ह-इनला कोर्टानं मान्यता दिलीय ना?' असं बऱ्याच जणी विचारतात. अर्धं खरं. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्यानं लग्नासारख्या नात्यातल्या स्त्रीलाही संरक्षण दिलंय, छळ होत असेल तर एकत्र राहिलेल्या घरातून तिला हुसकावता येत नाही. पण 'लग्नासारखं' म्हणजे काय, हे सुप्रीम कोर्टानं २०१० मध्ये सांगितलं: दोघं लग्नाला पात्र हवेत, समाजात जोडपं म्हणून वावरलेले हवेत आणि बराच काळ एकत्र राहिलेले हवेत. नुसते वीकेंड एकत्र घालवणं यात बसत नाही. आणि मुख्य म्हणजे हा हक्क राहण्याचा आहे, मालकीचा नाही.

म्हाडाचा हिशेबही असाच सरळ आहे. तिच्या लेखी कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं. लग्न झालं की दोघांचं उत्पन्न एकत्र धरतात. झालं नसेल तर तुम्ही सिंगल, मग भले पाच वर्षं एकाच कुकरमधला भात खाल्लेला असो. प्रधानमंत्री आवास योजना तर आणखी कडक: देशात कुठेही पक्कं घर नावावर नको.

मैत्रिणीपुढे आता रस्ते दोन. दोघांनी मिळून फ्लॅट विकायचा आणि कर्ज फेडायचं. किंवा त्यानं तिचा वाटा विकत घ्यायचा, कर्ज बँकेकडून एकट्याच्या नावावर करून घ्यायचं आणि तिनं रजिस्टर्ड हक्कसोडपत्र द्यायचं. नवरा-बायकोत राहतं घर २०० रुपयांच्या स्टॅम्पवर बक्षीस देता येतं, या दोघांना ती सवलत नाही.

एकत्र घर घेताय? मग आधी हे करा
• अ‍ॅग्रीमेंटमध्ये दोघांचे हिस्से टक्क्यांत लिहा.
• हप्ता आपापल्या खात्यातूनच भरा, कॅश नको.
• वेगळं व्हायची वेळ आली तर घर कोण ठेवणार, हे लेखी ठरवा. प्रेमात असतानाच! नंतर जमत नाही.
• घरातून बाहेर पडलात तरी कर्जातून नाव निघाल्याचं बँकेचं पत्र घ्या.

पोहे थंड झाले होते. फॉर्म तिनं अर्धवट ठेवून लॅपटॉप बंद केला आणि मोबाइल उचलला. आठ महिन्यांनी पहिल्यांदाच त्याला मेसेज टाइप केला: "शनिवारी भेटूया का? फ्लॅटचं बोलायचंय." पाठवायच्या आधी माझ्याकडे बघून म्हणाली, "स्मायली टाकू की नको?"

आम्ही दोघींनी मिळून ठरवलं. नको.