स्टेपनीत हवा आहे का?

आंबिया बहाराची संत्री सुटली की पांढुर्ण्यात टायरवाल्यांचा सीझन लागतो. बगीच्यातून कॅरेट भरून निघालेला छोटा हत्ती, त्याच्यामागे पिकअप, त्यामागे लांबच्या बाजारपेठेला निघालेला ट्रक, सगळ्यांची गाठ नागपूर-बैतूल महामार्गावर पडते. कागदोपत्री हा आता राष्ट्रीय महामार्ग ४७ आहे. जुने ड्रायव्हर अजून त्याला एकोणसत्तर नंबरच म्हणतात. एमपी-२८ आणि एमएच-४० च्या पाट्या इथे इतक्या मिसळलेल्या असतात की राज्याची हद्द फक्त नकाशावरच उरते. पांढुर्णा आणि सौसर हे दोन तालुके २०२३ मध्ये छिंदवाड्यातून निघाले आणि त्यांचा वेगळा जिल्हा झाला. बोली आधीही वऱ्हाडा-नागपूरकडची होती, आजही तीच आहे.

अशा रस्त्याच्या कडेला एखाद्या टायरच्या दुकानात बसून राहिलं की गाडीमालकांबद्दल बरंच कळतं. मी बसलो ते दुकान म्हणजे पत्र्याची शेड, कोपऱ्यात धडधडणारा कॉम्प्रेसर, अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये काळंशार पाणी आणि बाहेर रचलेल्या जुन्या टायरांवर पांढऱ्या रंगानं लिहिलेलं 'पंक्चर'. मिस्त्री पन्नाशी उलटलेले. गिऱ्हाइकं त्यांना काकाजी म्हणतात. पंक्चरची गाडी आली की ते आधी पंक्चरकडे बघतच नाहीत. "स्टेपनी पाहू द्या जी," म्हणतात. गिऱ्हाईक सांगत असतं की अहो, पंक्चर इकडे आहे. तोवर काकाजी डिकीपाशी पोचलेले असतात.

सकाळी मुलताईकडून एक कुटुंब आलं. जामसावळीच्या हनुमानाला निघालेलं. मागच्या चाकाची हवा वाटेतच बसत आली होती, गाडी हळूहळू चालवत इथवर आणलेली. डिकीतल्या पिशव्या, सतरंजी, नारळांची थैली, पाण्याचा कॅन असं सगळं बाहेर निघालं, मग खालची स्टेपनी. काकाजींनी गेज लावला. बारा पौंड. पाहिजे तेहतीस. जॅक कंपनीनं दिलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत जसाच्या तसा. पाना तर नव्हताच.

"चार वर्षांत कामच नाही पडलं ना," मालक म्हणाले. बोलण्यात थोडा अभिमानही होता.

"पडलं असतं तर काय केलं असतं जी?"

मालकांनी खिशातला मोबाईल दाखवला.

यात त्यांचा एकट्याचा दोष नाही. आपण गाडीचा विमा तारखेला भरतो, पीयूसी काढतो, आरशाला लिंबू-मिरची बांधतो. गाडीसोबत आलेला जॅक, पाना, लाल त्रिकोण आणि प्रथमोपचाराची पेटी मात्र गाडीचीच असते, आपली कधी होत नाही. हात लावलेला नसतो, त्यामुळे त्यात काय आहे आणि काय नाही हे अंधारात, रस्त्याच्या कडेला, मागे मुलं रडत असताना पहिल्यांदा कळतं.

टायर ट्यूबलेस होता. ट्यूबलेसचं जे चांगलं, तेच वाईट. खिळा घुसला तरी रबर त्याला आवळून धरतं आणि हवा एकदम जात नाही. माणूस दोन-दोन दिवस खिळ्यासकट फिरतो. पण कमी हवेवर टायरची बगल जास्त वाकते, वाकून वाकून तापते आणि मे महिन्याच्या उन्हात भर वेगात फाटते. 'टायर अचानक फुटला' असं आपण सांगतो तेव्हा बऱ्याचदा तो आधी कित्येक दिवस कमी हवेवर चाललेला असतो.

दुकानातल्या पोरानं चाक काढून त्यावर साबणाचं पाणी सोडलं. नक्षीच्या एका खाचेत बारीक फेस धरला. तिथे खडूची खूण केली, पकडीनं ओढलं, तर बाहेर आला पत्र्याचा स्क्रू, डोकं घासून चपटं झालेलं. मग दाते असलेला टोचा भोकात घालून त्यानं चार-पाच वेळा आत-बाहेर केला. भोक वाढवायला नव्हे. आतून खरखरीत झालं की सोल्युशन धरतं. चिकट तपकिरी रबरी दोरी सुईच्या नेढ्यात ओवली, दोन्ही टोकं सारखी केली, सोल्युशन लावलं आणि अंगाचा भार देऊन सुई आत दाबली. टोकं बोटाच्या पेराएवढी बाहेर उरली तेव्हा थांबला आणि झटक्यात सुई ओढून काढली. दोरी आतच राहिली. वरचा भाग ब्लेडनं छाटला, हवा भरली, पुन्हा साबणाचं पाणी. बुडबुडा नाही. आम्ही बोलत होतो तेवढ्यात काम संपलं. हे किट कुठल्याही ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळतं आणि हातात थोडा जोर असलेल्या कुणालाही जमतं, पण फक्त जमिनीला टेकणाऱ्या नक्षीच्या भागात. बगलेला चीर गेलेल्या टायरला काकाजी दोरी लावत नाहीत, गिऱ्हाईक कितीही गयावया करो.

नव्या गाड्यांचं आणखी एक. २०२० मध्ये नियम बदलला. हवा कमी झाल्याचं दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असेल, तर ट्यूबलेस टायरच्या छोट्या प्रवासी गाडीला स्टेपनी दिलीच पाहिजे असं आता नाही. तेव्हा गालिचा उचलल्यावर तिथे चाकाऐवजी एक छोटा कॉम्प्रेसर आणि द्रवाची बाटली निघू शकते. त्या बाटलीवर वापरायची शेवटची तारीख असते, आणि फाटलेल्या बगलेपुढे ती काही कामाची नाही. लांबच्या प्रवासाला निघण्याआधी निदान आपल्याकडे यातलं काय आहे, हे माहीत असावं.

टायरवर वाचण्यासारखं बरंच लिहिलेलं असतं, वाचत कुणी नाही. चार आकड्यांचा शिक्का शोधा: ३५२१ असेल तर तो २०२१ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात बनला. वापरलेलाच नाही म्हणून नवा वाटणारा स्टेपनीचा टायर या हिशेबानं म्हातारा निघतो. नक्षीच्या खाचांमध्ये तळाशी छोटे आडवे उंचवटे असतात. टायर घासून त्यांच्या बरोबरीला आला की कारसाठी कायद्यानं घातलेली १.६ मिलिमीटरची मर्यादा आली. हवा किती भरायची याचा स्टिकर बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर असतो, रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी वेगवेगळा आकडा. हवा थंड टायरमध्ये मोजायची. नागपूरहून शंभरेक किलोमीटर पळवून आणलेल्या टायरचा आकडा फुगलेला असतो, आणि तो पाहून हवा सोडणारे महाभाग मी इथेच पाहिले.

चाक बदलताना लोक एक ठरलेली चूक करतात: आधी गाडी उचलतात आणि मग नट ढिले करायला जातात. चाक हवेत, ते गरगर फिरतं. जोर लावावा तर गाडी जॅकवर हलते. क्रम उलटा आहे. हँडब्रेक, पहिला गिअर, तिरप्या समोरच्या चाकाला दगड, मग चाक जमिनीवर असतानाच प्रत्येक नट अर्धा फेरा ढिला, त्यानंतर जॅक. जॅकसुद्धा कुठेही नाही, पत्र्याखाली त्यासाठी खूण केलेली जागा असते. बसवताना नट एकासमोरचा एक असे आवळायचे, आणि शेवटचा जोर गाडी खाली आल्यावर. जॅकवरच्या गाडीखाली हात-पाय घालायचे नाहीत. गाडीसोबत येणारा पाना आखूड असतो, आणि नट मशीननं आवळलेले असले तर तो त्यापुढे हात टेकतो. काकाजींचा सल्ला साधा: पान्याच्या दांड्यावर बसेल असा हातभर लोखंडी पाइप डिकीत ठेवा. दांडा लांबला की तोच नट घरातली मुलगीही सोडवते.

चाक बदलण्याआधीचं काम मात्र त्रिकोणाचं, आणि तिथे आपण सगळ्यात ढिले. ८० च्या वेगानं येणारी गाडी सेकंदाला बावीस मीटर कापते. ड्रायव्हरला दिसून, पाय ब्रेकवर जाऊन गाडी थांबेपर्यंत साठेक मीटर सहज जातात, भरलेल्या ट्रकला त्याहून कितीतरी जास्त. डिकीला टेकवून ठेवलेला त्रिकोण म्हणजे नुसती शोभा. निदान शंभर पावलं मागे चालत जाऊन ठेवायचा, वळण असेल तर वळणाच्या अलीकडे. चालताना तोंड येणाऱ्या गाड्यांकडे. बाकीच्यांनी गाडीत बसून राहायचं नाही, कठड्यापलीकडे उभं राहायचं.

इकडची रीत वेगळी आहे. ट्रक बिघडला की झाडाची फांदी तोडून मागे टाकतात आणि भोवती दगड मांडतात. रात्री फांदी दिसत नाही. ट्रक दुरुस्त होऊन निघून जातो, दगड तिथेच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार, म्हणजे रिवाजाची दगडफेक, होते तेव्हा याच गावात रुग्णवाहिका आणि डॉक्टर सकाळपासून तयार ठेवलेले असतात. दगड सुटायच्या आधी मलमपट्टीची सोय. महामार्गावर मागे सोडलेल्या दगडांसाठी कुणी उभं नसतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांचं तर बोलायलाच नको. कापूस भरलेली, मागचा दिवा नसलेली ट्रॉली संध्याकाळी सातला समोर उगवते. मागे लाल, बाजूला पिवळी, चमकणारी पट्टी चिकटवायला किती खर्च येतो? एका कॅरेट संत्र्याच्या भावात ट्रॉली उजळून निघेल.

दुपारी गर्दी ओसरली तेव्हा बोलणं इंजिनावर आलं. मुलताई सातपुड्याच्या पठारावर, पांढुर्णा खाली. तिकडे सौसरहून छिंदवाड्याला जाताना सिल्लेवानीचा घाट. चढताना इंजिन तापतं, उतरताना ब्रेक. काटा लाल खुणेकडे सरकला की एसी बंद करून बाजूला घ्यायची आणि थांबायचं. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. आत दाब असतो, झाकण सैल होताच उकळतं पाणी अंगावर येतं. कूलंट संपलं तर वेळ निभावायला साधं पाणी चालतं, पण विहिरीच्या पाण्यावर वर्षभर गाडी चालवली तर आत क्षार साचतात. उताराला ज्या गिअरमध्ये चढली असती त्याच गिअरमध्ये उतरवायची. ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्यांच्या चाकांचा जळका वास घाटाखाली येतो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. जुनं ऑइल तापलं की आत वाफ होते आणि पेडल खाली बसतं. म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलायचं, डबीत भरपूर दिसत असलं तरी.

बॅटरीबद्दल काकाजी एकच वाक्य बोलले: "थंडीत बंद पडते, पण मरते उन्हाळ्यातच." उष्णता तिला आतून खाते, हिवाळ्याच्या पहिल्या पहाटे फक्त ते कळतं. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी दिसली की गरम पाणी आणि खाण्याचा सोडा, मग पुसून व्हॅसलिन. दुसऱ्या गाडीवरून करंट घ्यायचा झाला तर लाल वायर आधी आपल्या बॅटरीच्या प्लसला, मग त्यांच्या. काळी त्यांच्या मायनसला, आणि तिचं शेवटचं टोक आपल्या बॅटरीला नव्हे, इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. बॅटरीजवळ ठिणगी नको.

माझ्या मते डिकीत फार काही लागत नाही. चालू टॉर्च, पंक्चरचं किट, हवेचा गेज, जंपर केबल, पाइप, जुनी चादर, पाण्याच्या दोन बाटल्या. आग विझवायची छोटी पावडरची नळकांडी घेतलीच तर ती ड्रायव्हरच्या हाताशी हवी, डिकीत सामानाखाली नको. तिचा काटा हिरव्यात आहे का, तेही अधूनमधून पाहायचं. प्रथमोपचाराच्या पेटीतलं मलम बहुधा मुदत संपलेलं असतं, ते फेकून जाड कापसाच्या पट्ट्या आणि मोठं बँडेज ठेवा.

राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३, रुग्णवाहिकेला १०८. सीमेवर फोन कुठला टॉवर पकडेल याचा नेम नाही, म्हणून आधी राज्य सांगा, मग तालुका, मग किलोमीटरच्या दगडावरचा आकडा. जखमीला उचलून नेणाऱ्याला २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीनं संरक्षण दिलेलं आहे. नाव सांगायचीही सक्ती नाही. 'पोलिसांचं लचांड काहून मागे लावायचं' हे कारण आता उरलेलं नाही.

जामसावळीवाले निघाले तेव्हा स्टेपनीत पस्तीस पौंड हवा होती आणि जॅक पिशवीतून बाहेर. पाना त्यांनी सौसरला घेतो म्हणून सांगितलं. घेतला की नाही, देव जाणे.

वाचणाऱ्यांनी एवढं करावं. या रविवारी गाडी अंगणात घ्या, डिकी रिकामी करा आणि चाक एकदा काढून परत बसवा. घरात गाडी चालवणारे जितके असतील, बायको, मुलगी, भाऊ, त्यांनाही बसवायला लावा. नट नीट आवळले गेले का, ते सोमवारी हवा भरायला जाल तेव्हा दुकानात पाहून घ्या.