कबुलीचे यंत्र

अमेरिकेतल्या अनेक शहरांत पोलीस व्हायचे असेल तर लेखी परीक्षा, धावणे, वैद्यकीय तपासणी आणि मानसशास्त्रज्ञाची मुलाखत एवढ्यावर भागत नाही. उमेदवाराला पॉलिग्राफच्या, म्हणजे खोटे पकडणारे म्हणवल्या जाणाऱ्या यंत्राच्या, खुर्चीतही बसावे लागते. छातीभोवती आणि पोटाभोवती श्वासाची हालचाल टिपणाऱ्या दोन नळ्या, दंडाला रक्तदाबाचा पट्टा, बोटांना घाम मोजणाऱ्या पट्ट्या, आणि मग प्रश्न. अमली पदार्थ घेतले आहेत का? आधीच्या नोकरीत चोरी केली आहे का? अर्जात काही लपवले आहे का? उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच द्यायचे. याच देशात 1988 साली काँग्रेसने कायदा करून बहुतेक खासगी मालकांना नोकरीसाठी ही चाचणी घ्यायला बंदी केली; मात्र केंद्र, राज्य आणि नगर सरकारांना त्या कायद्यातून वगळले. त्यामुळे दुकानातल्या विक्रेत्याला जे संरक्षण मिळाले ते शिपाई होऊ पाहणाऱ्याला मिळाले नाही. पोलिसांना जास्त कठोर निकष लावावेत, यात गैर काही नाही. पण हा निकष कठोर आहे की नुसताच लहरी, हे तपासायला हवे. माझे म्हणणे असे, की पोलीस भरतीत हे यंत्र खोटे पकडत नाही, ते माणसाला बोलते करते. ही दोन कामे एकच आहेत असे धरून चालल्यामुळे भरतीत अन्याय होतो, आणि पोलीस खात्याची फसवणूकही होते.

यंत्राचा जन्म पोलीस ठाण्यातलाच. कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहराचे पोलीसप्रमुख ऑगस्ट व्होल्मर हे सुधारक वृत्तीचे गृहस्थ. आरोपीला मारझोड करून कबुली घेण्याची त्या काळातली सर्रास पद्धत त्यांना मोडायची होती. त्यांच्या हाताखालचा जॉन लार्सन शरीरक्रियाशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेला पोलीस होता. 1921 मध्ये त्याने रक्तदाब आणि श्वास यांची सलग नोंद ठेवणारे यंत्र जुळवले आणि विद्यार्थिनींच्या वसतिगृहातल्या चोरीच्या तपासात वापरून पाहिले. त्याच बर्कलीतल्या लिओनार्ड कीलर या तरुणाने ते आटोपशीर केले, घामाची नोंद जोडली आणि पुढे शिकागोत नेऊन बँकांना कर्मचारी तपासण्यासाठी विकले. इथे कथेला वळण लागते. लार्सनला हवी होती प्रयोगशाळा, कीलरला दिसली बाजारपेठ. स्वतःच्या यंत्राचे पुढे जे झाले त्याने लार्सन इतका उद्विग्न झाला, की आयुष्याचा मोठा काळ त्याने त्याविरुद्ध बोलण्यात घालवला. मारहाणीला पर्याय म्हणून आलेले यंत्र शेवटी दबावाचेच एक सभ्य साधन झाले, हे व्होल्मर यांच्या हेतूचे दुर्दैव.

यंत्र मोजते ते नीट मोजते, यात वाद नाही. नाडी वाढली तर वाढलेलीच दिसते. अडचण अशी, की फक्त खोटे बोलतानाच दिसेल अशी कोणतीही खूण माणसाच्या शरीरात नाही. भीती, लाज, राग, नोकरी जाईल ही धास्ती या सगळ्यांनी तेच आलेख वर चढतात. यावर उपाय म्हणून तुलनेचे प्रश्न आले. ‘तुमच्यावर विश्वास ठेवणाऱ्याला कधी फसवले आहे का?’ असा गोलमोल प्रश्न विचारायचा. त्यावर प्रत्येकजण थोडा अस्वस्थ होणार, हे गृहीतच असते. निर्दोष माणूस या प्रश्नावर जास्त बिथरेल आणि दोषी माणूस मुख्य प्रश्नावर, असा हिशेब. पण ज्याची वर्षाची मेहनत पणाला लागली आहे, तो निर्दोष असूनही मुख्य प्रश्नालाच दचकणार नाही कशावरून? शिवाय चोरीच्या तपासात निदान एक ठरलेली घटना असते. भरतीत घटनाच नसते. ‘आयुष्यात कधी गंभीर गुन्हा केला आहे का’ असे सगळे मोघम. गंभीर म्हणजे काय, हे मनाशी ठरवण्यातच प्रामाणिक माणसाचा घाम निघतो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात एक काल्पनिक हिशेब मांडला आहे. दहा हजार कर्मचारी, त्यांत दहा हेर. दहापैकी आठ हेर सापडतील इतकी चाळणी बारीक केली, आणि यंत्राची अचूकता बरीच उदार धरली, तरी जवळपास सोळाशे निरपराध माणसे त्यात अडकतात. चाळणी ढिली केली तर अडकणारे निरपराध चाळीसच्या आसपास येतात खरे, पण दहातले आठ हेर बिनधास्त निसटतात. यावर पॉलिग्राफ परीक्षकांचा एक आक्षेप रास्त आहे: पोलीस भरतीत शोधायच्या गोष्टी हेरगिरीइतक्या विरळा नसतात. तरुणपणी गांजा ओढलेले, अर्जात थोडी लपवाछपवी केलेले उमेदवार पुष्कळ असतात, आणि प्रमाण वाढले की हे गणितही सौम्य होते. हे मान्य. पण मग यंत्राची करामत चालते ती किरकोळ बाबींपुरती. ज्यासाठी पोलीस खात्याने उमेदवार पारखायला हवा, म्हणजे पुढे तो लाच खाईल का, कोठडीतल्या माणसावर हात उचलेल का, त्याबद्दल आजच्या नाडीत काहीच लिहिलेले नसते.

सर्वांत बोलका पुरावा सीमेवरच्या दलाचा आहे. भ्रष्टाचाराच्या तक्रारी वाढल्यावर 2010 च्या कायद्याने अमेरिकेच्या सीमाशुल्क व सीमासुरक्षा दलात कायदा अंमलबजावणीच्या पदांसाठी येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला पॉलिग्राफ सक्तीचा झाला. 2017 च्या सुमारास तीनपैकी दोन उमेदवार त्यात नापास होत होते, आणि जागा भरता भरत नव्हत्या. त्याच वर्षी गृहसुरक्षा खात्याच्या महानिरीक्षकांनी आणखी एक गोष्ट उघडकीला आणली. चाचणीपूर्वीच्या संभाषणातच अपात्र ठरावे असे गैरकृत्य कबूल केलेल्या उमेदवारांचीही दलाने पुढे साग्रसंगीत चाचणी घेतली होती. चार वर्षांत अशा 2300 हून अधिक चाचण्या आणि सुमारे 51 लाख डॉलर खर्च. या आकड्यांतली उधळपट्टी सोडून द्या. महत्त्वाचे हे, की ही माणसे प्रश्नोत्तरांची नोंद सुरू होण्याआधीच बोलली होती. गळाला लागलेले जे काही होते ते बोलण्यातून आले, आलेखातून नव्हे.

मग कोणी म्हणेल, भीतीने का होईना, खरे बाहेर येते ना? येते. यंत्र आपल्याला ओळखते असे वाटले की माणूस मोकळा बोलतो, हे मानसशास्त्रज्ञांनी 1971 मध्येच खोट्या यंत्राने दाखवले होते. राष्ट्राध्यक्ष निक्सन तर त्याच वर्षी ध्वनिफितीवर म्हणून गेले, की हे यंत्र किती अचूक ते आपल्याला माहीत नाही, पण लोक घाबरतात एवढे नक्की. मात्र या पद्धतीने बोलतो कोण, हे पाहायला हवे. यंत्रावर विश्वास असणारा, भाबडा, टोचणी लागलेला उमेदवार बोलतो. निर्ढावलेला बोलत नाही. सीआयएतला फितूर अल्ड्रिच एम्स 1986 आणि 1991 असा दोनदा पास झाला. ग्रीन रिव्हरच्या खूनसत्रातला खुनी गॅरी रिजवे 1984 मध्ये पास झाला आणि 2001 पर्यंत मोकळा राहिला. ओक्लाहोमा सिटीच्या पोलीस दलात पूर्वी स्वतः पॉलिग्राफ परीक्षक असलेले डग विल्यम्स उमेदवारांना यंत्र चकवण्याची शिकवणी देत. सरकारने 2015 मध्ये त्यांना त्यापायी तुरुंगात धाडले. थोडक्या शिकवणीत जे चकवता येते त्याच्या आधारे कायद्याचा रक्षक निवडायचा, हा उफराटा प्रकार आहे.

न्यायालयांनी इथे हात वर केले आहेत. फिलाडेल्फियाच्या पोलीस व तुरुंग खात्यांनी पॉलिग्राफवरून नाकारलेले उमेदवार दाद मागायला गेले, तेव्हा 1988 मध्ये संघीय अपील न्यायालयाने शहराची बाजू उचलून धरली. शास्त्रज्ञांचे एकमत नाही, तेव्हा प्रशासनाला चाचणी उपयोगी वाटली तर ते अवाजवी नाही, असा त्याचा आशय. दहा वर्षांनी सर्वोच्च न्यायालयापुढे लष्करी खटल्यातल्या पॉलिग्राफचा प्रश्न आला आणि नेमका हाच एकमताचा अभाव आरोपीच्या विरोधात गेला: असा पुरावा खटल्याबाहेर ठेवणारी बंदी कायम राहिली. सरकार स्वतः नोकरभरतीत यंत्रावर विसंबते आणि न्यायालयात त्याला अविश्वसनीय ठरवते, ही विसंगती न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी भिन्नमतात दाखवून दिली. पोलीस होणे हा कुणाचा हक्क नाही, म्हणून चूक झाली तरी फारसे बिघडत नाही, हा युक्तिवाद नेहमी होतो. पण नापास झाल्याचा शिक्का एका अर्जापुरता राहत नाही; पुढच्या खात्याच्या अर्जात आधीच्या पॉलिग्राफबद्दल विचारतात आणि माणूस पुन्हा तिथेच अडतो. त्याच्या विरोधात साक्षीदार नाही, कागद नाही, फक्त एक रेघ.

भारतात ही वाट वेगळी गेली. बनावट मुद्रांकांच्या तेलगी प्रकरणात 2004 साली मुंबई उच्च न्यायालयाने अशा चाचण्यांना हिरवा कंदील दाखवला होता, पण 2010 च्या सेल्वी निकालात सर्वोच्च न्यायालयाने संमतीशिवाय पॉलिग्राफ घेणे घटनाबाह्य ठरवले. तो निकाल तपासाबद्दल आहे, भरतीबद्दल नाही. आपल्याकडच्या शिपाई भरतीत मैदानी चाचणी, लेखी परीक्षा आणि शेवटी चारित्र्य पडताळणी. ही पडताळणी कित्येकदा कागदोपत्री उरकली जाते, हा तिचा दोष. तो दूर करायला यंत्र नव्हे, माणसे लागतात. अमेरिकेतही खरे काम तेच करते: शेजाऱ्यांना, जुन्या मालकांना भेटून पार्श्वभूमी खणून काढणारा तपास अधिकारी. पॉलिग्राफ ठेवायचाच असेल तर निदान एवढे व्हावे, की तपासून खरी ठरलेली कबुली नसताना नुसत्या आलेखावरून कोणालाही नाकारू नये. मॅसॅच्युसेट्स राज्य याच्याही पुढे गेले आहे. तिथे नोकरीची अट म्हणून अशी चाचणी घेणे बेकायदा आहे, पोलीस भरतीही त्याला अपवाद नाही, आणि तशी सूचना नोकरीच्या प्रत्येक अर्जावर छापणे बंधनकारक आहे.