फुलांचे थेंब आणि मनाचं दुखणं : 'पुष्पौषधी' घेण्याआधी एवढं वाचा

'टेन्शन, भीती, राग, निराशा... फुलांच्या अर्काचे चार थेंब घ्या, कसलाही साइड इफेक्ट नाही.' अशा मजकुराचे मेसेज आणि व्हिडिओ आता मोबाईलवर सहज येऊन पडतात. होमिओपॅथीच्या दुकानात या छोट्या बाटल्या किंवा साबुदाण्यासारख्या गोड गोळ्या मिळतात. मराठीत त्यांना 'पुष्पौषधी' म्हणतात, तर कुणी 'बाख फ्लॉवर रेमेडी' म्हणतं. घरात कुणाला झोप लागत नसेल, पोरगं परीक्षेला घाबरत असेल, तर 'घेऊन बघू, काय जातंय' असं वाटणं साहजिक आहे. म्हणूनच हे नेमकं काय आहे, ते समजून घेऊ.

हे आलं कुठून?

फुलांचं म्हटलं की आपल्याला आयुर्वेद आठवतो. पण पुष्पौषधीचा आयुर्वेदाशी संबंध नाही. ही पद्धत इंग्लंडमधली आहे. डॉ. एडवर्ड बाख (१८८६ ते १९३६) हे लंडनमधले डॉक्टर. त्यांनी जंतुशास्त्रात काम केलं, तिथल्या होमिओपॅथिक रुग्णालयातही काम केलं. १९३० मध्ये लंडन सोडून ते खेड्यापाड्यात, रानात फिरू लागले. आजाराचं मूळ मनाच्या अवस्थेत असतं, असं त्यांचं मत होतं. वेगवेगळ्या मनःस्थितींसाठी त्यांनी ३८ अर्क ठरवले. त्यांतला एक तर फुलाचा नाहीच, तो नुसत्या झऱ्याच्या पाण्याचा आहे.

होमिओपॅथीच्या दुकानात मिळत असली तरी ही होमिओपॅथीही नाही. बनवण्याची रीत वेगळी आहे.

बनवतात कसं?

काही फुलं झऱ्याच्या पाण्यावर पसरून साधारण तीन तास उन्हात ठेवतात. काही झाडांची फुलं-डहाळ्या अर्धा तास उकळतात. ते पाणी गाळून त्यात तेवढीच ब्रँडी मिसळतात. त्यातले दोन थेंब ३० मिलीच्या बाटलीत टाकतात. घेण्यासाठी बाटली तयार करताना पुन्हा त्यातले दोन थेंब दुसऱ्या ३० मिलीत टाकले जातात.

आता साधा हिशेब करू. एक मिलीचे २० थेंब धरले, तर ३० मिलीचे झाले ६००. सहाशेत दोन, म्हणजे तीनशेत एक. हेच दोनदा केलं की मूळ अर्काचा वाटा उरतो ९० हजारात एक. म्हणजे फुलाचा अंश जवळजवळ नाहीच. पुष्पौषधी देणारेही फुलाच्या रसायनाचा दावा करत नाहीत. फुलाची 'ऊर्जा' पाण्यात उतरते, असं ते सांगतात. ही ऊर्जा आजवर कुठल्या यंत्राने मोजता आलेली नाही.

कोणत्या फुलाला कोणती भावना?

यातली काही झाडं आपल्या ओळखीची आहेत. काहीही कारण नसताना मनावर मळभ आलं, तर रानमोहरीचं फूल. दुसऱ्यावर हुकूम गाजवण्याचा स्वभाव असेल, तर द्राक्षाचं. आयुष्यात मोठा बदल होत असेल, तर अक्रोडाचं. थकून गळून गेलेल्या माणसाला ऑलिव्हचं. उतावळ्या माणसाला 'इम्पेशन्स', म्हणजे आपल्या तेरड्याचा हिमालयातला भाऊबंद. तेरड्याचं पिकलेलं बोंड हात लावताच फटकन फुटतं, हे आपण लहानपणापासून बघतो. त्या उतावळेपणावरूनच या झाडाला लॅटिनमध्ये हे नाव पडलं आहे. अचानक धक्का बसला तर पाच अर्कांचं मिश्रण देतात, ते 'रेस्क्यू रेमेडी' म्हणून विकलं जातं.

गुण येतो का?

याची तपासणी झालेली आहे. अशा चाचणीत काही लोकांना खरे थेंब देतात आणि काहींना तशाच दिसणाऱ्या बाटलीतून नुसतं ब्रँडी-पाणी. कुणाला काय दिलं, हे त्यांना सांगत नाहीत. परीक्षेच्या भीतीवरचा असाच एक जर्मन अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सगळ्यांचीच भीती कमी झाली. खरे थेंब घेणाऱ्यांची आणि खोटे घेणाऱ्यांचीही. दोघांत फरक सापडला नाही. २०१० मध्ये इंग्लंडच्या एक्झेटर विद्यापीठातले डॉ. एडझार्ड अर्न्स्ट यांनी अशा सात चाचण्या एकत्र तपासल्या. निष्कर्ष तोच निघाला : हे थेंब नुसत्या पाण्यापेक्षा जास्त काम करत नाहीत.

मग 'मला तर बरं वाटलं' म्हणणारा खोटं बोलतो का? अजिबात नाही. कुणीतरी अर्धा-पाऊण तास बसवून विचारतं, भीती नेमकी कशाची, राग कुणाचा, रात्री डोक्यात काय फिरतं. घरात जे कुणी विचारत नाही, ते बाहेर पडतं. मन हलकं होतं. शिवाय आपण काहीतरी औषध घेतोय, या विश्वासानेही बरं वाटतं. गुण येतो तो या बोलण्याचा आणि विश्वासाचा. त्यासाठी बाटली लागतेच असं नाही.

मग धोका कुठे?

एक, उशीर. परीक्षेच्या आदल्या दिवशीची धडधड आपोआप जाते. पण दोन आठवड्यांहून जास्त दिवस कशातच राम वाटत नाही, झोप-जेवण उडालंय, कामाला हात लागत नाही, तर ते नैराश्य असू शकतं. त्याला डॉक्टर लागतो. थेंबांवर महिने घालवले तर आजार वाढत जातो.

दोन, चालू गोळ्या बंद करणं. डॉक्टरांच्या नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. तेवढ्यात कुणी थेंब सुरू केले, तर बरं वाटल्याचं श्रेय थेंबांना जातं आणि गोळ्या सुटतात. काही दिवसांनी आजार उलटतो. फिटची गोळी अचानक बंद केली, तर जोराचे झटके येऊ शकतात.

तीन, ब्रँडी. थेंबांच्या बाटलीत बहुधा अल्कोहोल असतं. दारू सोडवण्यासाठी ज्यांना 'डिसल्फिराम' ही गोळी चालू आहे, त्यांनी हे थेंब घेऊ नयेत. या गोळीवर असताना अल्कोहोल असलेलं कफ सिरपही टाळायला सांगतात. 'साइड इफेक्ट नाही' असं सांगणारा ही गोष्ट सांगत नाही.

आणि एक लक्षात ठेवा. फिट येणं, वेड लागणं अशा आजारांवर हमखास इलाजाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. मेसेजमध्ये असा दावा दिसला की सावध व्हा.

मग करायचं काय?

घरातल्या माणसाला आधी विचारा आणि मध्ये न बोलता ऐकून घ्या. 'एवढं काय मनावर घेतोस' हे वाक्य टाळा. 'टेली मानस'चा १४४१६ हा सरकारी नंबर दिवसरात्र मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मनोविकाराच्या डॉक्टरांबद्दल चौकशी करा. तिथे जाणं म्हणजे वेडाचा शिक्का नव्हे. बीपी-शुगरला जातो, तसंच हे.

माणूस मरणाची भाषा बोलू लागला, तर त्याला एकटं सोडू नका. फवारणीचं औषध कुलपात ठेवा. काही प्यायल्याचा संशय आला, तर लगेच १०८ ला फोन करा.

कुणी विश्वासाने थेंब घेत असेल तर त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही. फक्त दोन गोष्टी विचारा : डॉक्टरांची गोळी चालू आहे ना? आणि मनातलं कुणाशी बोलतोस ना? दोन्हींना 'हो' आलं, तर निम्मी काळजी मिटली. 'नाही' आलं, तर आजच १४४१६ लावून द्या आणि बोलणं होईपर्यंत शेजारी बसा.